माघारी न धाडलेले कापड

मार्गशीर्ष लागला की लोणावळ्याच्या वाऱ्याला नव्या पेंढ्याचा वास येतो. भात कापून, वाळवून, खळ्यावर झोडून झाले की जे मागे उरते त्याचा हा वास. त्यात आंबेमोहोराचा मंद सुगंध असतो, पहाटेच्या दवाचा ओलावा असतो आणि अगदी तळाशी काहीतरी किंचित कडवट असते. आता माझी दृष्टी मंदावली आहे. पोथीची अक्षरे पाठांतराच्या आधारानेच वाचतो. पण हा वास अजून पूर्वीसारखाच येतो. टाकव्याकडून बैलगाड्या येऊ लागतात, घोडेवाल्यांच्या तबेल्यांपुढे पेंढ्याच्या गंजी उभ्या राहतात, आणि पूजेला बसलेला मी फुलाकडे नेलेला हात मध्येच थांबवतो.

या वासाने मला देव आठवावा. अन्नाचाच तो वास आहे. मला मात्र एक माणूस आठवतो. त्याचे नाव मी येथे लिहिणार नाही. ते पुष्कळांनी पुष्कळ ठिकाणी छापले आहे, नाटकांच्या जाहिरातींवर, फोनोच्या तबकड्यांवर, वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर. मला ज्या मुलीचे नाव लिहायचे आहे ते मात्र कोठेच छापले गेले नाही. तिचे नाव हिरू.

हिरू ठाकरवाडीतली. तिचा बाप गोमा डोंगरउतारावरचे तुकडे कसायचा. सुगी संपली की बापलेक पेंढ्याचे भारे डोक्यावर घेऊन लोणावळ्यास उतरत. आमच्या गाईचा पेंढा त्यांच्याकडूनच येई. हिरू भारा अंगणात टाकी, पदराने मान पुसे आणि गाईपुढे उकिडवी बसून तिला विचारी, "शास्त्रीणबाई, जेवलासा का?" ऐकून आतून आमच्या घरातली शास्त्रीणबाई हसत बाहेर येई आणि तिच्या हातावर गूळ ठेवी. पंचवीस वर्षे पुराण सांगून मी लोकांना जितके हसवले नसेल तितके त्या मुलीने आमच्या घराला एका हिवाळ्यात हसवले.

आणि तो. सगळा मुलूख त्याला महाराज म्हणे. रंगभूमीवर त्याने एका संताची भूमिका केली होती आणि ती अशी केली होती की बायका नाटकगृहात नारळ घेऊन जात. तो अंक संपवून आत गेला की लोक त्याच्या पावलांखालची फळी शिवून हात कपाळाला लावीत. मी स्वतः ते नाटक पाहिले आहे. त्याचा शेवटचा अभंग चालू असताना माझे डोळे भरून आले होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. स्वर देवाघरचा होता. देव आपल्या वस्तू कोणाच्या हाती ठेवतो हे मला तेव्हाही समजले नाही, आजही समजत नाही. तुंगार्लीच्या वाटेवर त्याचा बंगला होता. थंडीत तो तेथे येई, आणि मग लोणावळ्याचा बाजार दिवसभर त्याच्याविषयीच बोले. कोपऱ्यावर भिकूशेठचे गुडदाणीचे, आता जिला चिक्की म्हणतात तिचे, दुकान होते. तेथे महाराजांची तसबीर टांगलेली असे, आणि तिला रोज ताजा हार असे.

ज्या दिवशी ते घडले त्या दिवशी हिरू एकटी पुढे होती. वाडीतल्या दोन बाया तिच्या मागून येत होत्या. डोक्यावर एवढा भारा की समोरून पाहावे तर पेंढाच चालत यावा. खंडाळ्याकडून मोटार आली. मोटार कोण हाकत होता ते त्या दोघी बायांनी पाहिले. नंतर जवळ गेल्यावर त्याच्या तोंडाचा दारूचा वासही त्यांना आला. हिरू रस्त्याच्या कडेला पडली होती आणि सगळ्या वाटेवर पेंढा पसरला होता. ड्रायव्हर मागच्या बैठकीवरून उतरला आणि पुढे जाऊन चक्राशी बसला. मग मोटार बंगल्याकडे गेली.

संध्याकाळी वाडीवर मातीची तयारी चालली होती. मी गेलो होतो. मेलेल्या माणसाला आप्तांनी, गावाने कापड घालायचे, ही चाल सगळीकडे आहे. त्या वाडीत मात्र तिला एक जोड होती. मेलेल्यासाठी आलेले कापड कोणाचेही असो, शत्रूचे का असेना, माघारी धाडायचे नाही. कारण ते जिवंतांसाठी आलेले नसते. ते ज्याचे त्याला पोहोचवायचे, एवढेच जिवंतांचे काम. अंधार पडता पडता बंगल्यावरचा गडी टांग्यातून उतरला. त्याच्या हातात हिरवे लुगडे होते, जरीच्या काठाचे, वाडीने कधी न पाहिलेले. त्याने ते पुढे केले आणि महाराजांनी धाडलंय, एवढेच खाली मान घालून सांगितले.

एक बाई रडायची थांबली. गोमाने ते लुगडे घेतले, उलगडले, आणि भावकीने घातलेल्या जाड्याभरड्या कापडांच्या वर हिरूला पांघरले. त्याचे हात इतके सावकाश चालत होते की मला मंत्र म्हणवेना. त्या जरीच्या काठासकट ती मातीखाली गेली.

पुण्याच्या कोर्टात खटला उभा राहिला तेव्हा मी गोमाबरोबर गेलो. मी काही साक्षीदार नव्हतो. पण त्याला गाडीतून कोठे उतरायचे, कोठे बसायचे हे सांगणारे कोणी हवे होते. मुंबईहून आलेला वकील फार सभ्य होता. त्याने त्या दोन बायांना असे काही फिरवून विचारले की शेवटी त्यांना उजवा-डावाही सांगता येईना. मग त्याने गोमाला उभे केले आणि मऊ आवाजात एकच गोष्ट विचारली, महाराजांनी पाठवलेले लुगडे तू घेतलेस काय.

"व्हय, घेतलं," गोमा म्हणाला.

"परत पाठवले नाहीस?"

"मेलेल्याचं कापड माघारी धाडत न्हाईत, सायेब. आमच्यात..."

विचारले तेवढेच सांग, असे त्याला बजावण्यात आले. कारकुनाची लेखणी 'घेतले' या शब्दापाशी थांबली. वकिलाने कोर्टाला हात जोडून सांगितले की पाहा, हा दुर्दैवी अपघात आहे हे मुलीच्या जन्मदात्याने त्याच दिवशी मान्य केले. आरोपीने दुःखात सहभाग दाखवला, बापाने तो स्वीकारला, मिटले. गोमा तोंड उघडून उभाच होता. पुढचे वाक्य त्याच्या ओठांवर तसेच राहिले. चक्राशी कोण होता याविषयी संशय आहे, असे म्हणून महाराज निर्दोष सुटला.

परतीच्या गाडीत गोमा मला एवढेच म्हणाला, "शास्त्रीबाबा, त्येन्ला वाटलं आमी तिला लुगड्यावर दिली."

त्याच गाडीच्या पुढच्या डब्यात महाराज होता, हे आम्हाला लोणावळ्यास उतरल्यावर कळले. स्थानकावर तोरणे होती, बँड होता, भिकूशेठ गुडदाणीची परात घेऊन उभा होता. सत्याचा जय झाला म्हणून ती वाटली जात होती. एका उत्साही माणसाने, कोणाच्या हाती काय ठेवतो आहोत हे न पाहता, गोमाच्या तळहातावरही एक तुकडा ठेवला. गोमाने तो पाहिला, वाकून प्लॅटफॉर्मवर ठेवला आणि वाडीची वाट धरली.

माझ्या गुरूंनी मला सांगितले होते की द्वेष करणाऱ्याचे तप गळून जाते. मी ते मानतो. तरीही पुढची काही वर्षे सायंसंध्या आटोपल्यावर मी देवापाशी त्या माणसासाठी दीर्घायुष्य मागत असे. पुढच्या जन्मावर मला काही सोपवायचे नव्हते. त्याने भरपूर जगावे आणि या देहाने, या डोळ्यांदेखत भरून द्यावे, एवढीच माझी याचना होती. नृसिंहाच्या कथेपाशी आलो की मी रेंगाळत असे. उंबरठा, सांजवेळ, मांडीवर आडवा घेतलेला तो मदांध देह. एकेक नख मी श्रोत्यांपुढे सावकाश मांडत असे. अलीकडे शास्त्रीबुवांचे नृसिंहाख्यान फार रंगते, असे लोक म्हणू लागले होते. ते का रंगते हे फक्त आमच्या घरात ठाऊक होते.

आणि मग तो मार्गशीर्ष आला, ज्याच्यासाठी मी हे लिहितो आहे. मुंबईच्या वर्तमानपत्रात बातमी होती. एका मेजवानीत दारूच्या भरात महाराजाने एका बड्या शेठजीच्या मुलाला बाटली मारली. मुलाचा कान तुटला. मुंबईच्या कोर्टाने महाराजाला दोन वर्षे सक्तमजुरी ठोठावली.

लोणावळा त्या दिवशी जसा वागला तसा मी तो आधी कधी पाहिला नव्हता. भिकूशेठने तसबीर उतरवली आणि तिचा हार गटारात टाकला. एका हॉटेलवाल्याने महाराजाच्या तबकड्या रस्त्यावर आणून एकेक करून पायाखाली मोडल्या. प्रत्येक तबकडीला माणसे टाळ्या वाजवीत होती. मला आधीपासूनच माहीत होते, असे जो तो सांगत होता. ज्यांनी तोरणे बांधली होती त्यांचे आवाज सर्वांत चढे होते. आणि मी हसत होतो. घरी येऊन मी देवाला नारळ फोडला. तो एका घावात सरळ दुभंगला. माझ्या पत्नीने माझ्याकडे नुसते पाहिले, आणि खोबरे गुळासह गाईपुढे ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकूशेठ मला बोलवायला आला. गोमाला आनंदाची बातमी स्वतः द्यावी असे त्याच्या मनात होते. हातात गुडदाणीचा पुडा होता. आम्ही वाडीवर पोहोचलो तेव्हा खळ्यावर झोडणी चालली होती. पेंढ्या वर जात, लाकडावर आपटत, दाणे उडत. आणि तो वास, ज्याच्यापासून मी लेखाला सुरुवात केली, सगळ्या डोंगराला वेढून राहिला होता. खळ्यात वहाणा चालत नाहीत. मी माझ्या कडेला काढल्या. भिकूशेठ त्या घालूनच आत आला आणि गोमाच्या म्हाताऱ्या बहिणीने, सगळे जिला ठमामावशी म्हणत, त्याच्या पायांकडे बोट केले. तो ओशाळून मागे झाला. त्याने पुडा उघडला आणि गुडदाणी तिच्यापुढे धरली.

मावशीने एक तुकडा उचलून उजेडात निरखला. "मागल्या येळंला बी वाटली व्हतीसा न्हवं, शेट? त्यातलीच उरली व्हय ही?"

बाया पेंढ्या खाली ठेवून हसल्या. भिकूशेठही कसाबसा हसला आणि त्याने गोमाला बातमी सांगितली. गोमाने हातातली पेंढी झोडून पूर्ण केली, बाजूला रचली, मग विचारले.

"कशापायी घातला त्येला आत?"

भिकूशेठने मेजवानी, बाटली, शेठचा मुलगा, सगळे सांगितले.

"मंजी कानापायी."

"कानापायी का असेना, गेला ना आत? झालं की तुझं काम."

"आन हिरूचं?"

"तेही त्यातच आलं म्हणायचं रे."

"न्हाई आलं," गोमा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "शास्त्रीबाबा, तुमी पेपर वाचलासा. तितं माज्या पोरीचं नाव घेतलं का कुनी?"

मी ती बातमी आदल्या दिवशी चार वेळा वाचली होती, चवीने वाचली होती. तिच्या शेवटी एक ओळ होती, की या नटश्रेष्ठावर पूर्वीही मोटारीच्या एका दुर्दैवी अपघातासंबंधी आळ आला होता, परंतु त्यातून ते सन्मानाने मुक्त झाले होते. ही ओळ मी वाचली होती आणि मला ती टोचली नव्हती. इतका मी त्या दोन वर्षांवर तृप्त झालो होतो. गोमाला मी खरे ते सांगितले. नाव नव्हते.

तो मान हलवून पुन्हा झोडायला लागला. परतताना भिकूशेठ म्हणाला की या लोकांना कशाचाच आनंद होत नाही. माझी तृप्ती त्या खळ्यावर गळून पडली होती, आणि तिच्या जागी जे उभे राहिले ते आधीच्याहून कितीतरी मोठे आणि भुकेले होते. एका कानाचा हिशेब पुरा झाला होता. माणसाचा अजून कोणी मांडलाच नव्हता.

महाराजाला मुंबईहून येरवड्याच्या तुरुंगात नेणार आहेत आणि अमुक गाडीने नेणार आहेत, हे रेल्वेतल्या माणसांकडून बाजाराला कळले. घाट चढून आलेल्या गाड्या लोणावळ्यास थांबतातच. मागून रेटणारी इंजिने येथे सोडावी लागतात. तेवढा वेळ त्याला पाहायला मिळणार म्हणून सगळा गाव स्थानकावर लोटला. तीच जागा, तीच माणसे, फक्त तोरणे नव्हती. एकाने जुन्या वहाणांची माळ करून आणली होती.

गाडी आली. तो खिडकीशी दोन शिपायांमध्ये बसला होता. हातांत बेड्या, अंगावर किमती शाल. एवढा समुदाय पाहून त्याचा चेहरा उजळला. आपल्यासाठी आला आहे असे त्याला वाटले असावे. त्याने बेड्यांचे हात जोडले आणि नाटकात शेवटच्या अंकात करी तसे, मान किंचित कलती करून, स्मित केले. तेव्हा गर्दीतून कोणी ओरडले, "महाराज, कान सांभाळा." मग हशा उसळला. कोणी अभंग म्हणायची फर्माईश केली. वहाणांची माळ खिडकीवर आपटून खाली पडली. त्याचे स्मित तोंडावर तसेच राहिले, काढायचे विसरल्यासारखे. मी ते डोळे भरून पाहिले. पाहताना मला लाज वाटली नाही.

एक शिपाई पाणी भरायला खाली उतरला होता आणि दार उघडे होते. गर्दी मागून हलू लागली. गोमा येत होता. धुवट धोतर, खांद्यावर घोंगडी, आणि दोन्ही हातांवर आडवे धरलेले मांजरपाटाचे कोरे कापड. ते कापड कसे धरले आहे हे पाहताच बाया बाजूला झाल्या. त्या धरण्याची रीत एकच असते. आरडाओरडा पुढून मागे विझत गेला, आणि तो दारापाशी पोहोचला तेव्हा इंजिनाच्या वाफेखेरीज काही ऐकू येत नव्हते.

आतला शिपाई उठला. काय आहे म्हणून त्याने दरडावले.

"कापड हाय, हवालदार. दुसरं काय बी न्हाई."

तो पायरीवर चढला. त्याने कापडाची घडी मोडली आणि ते महाराजाच्या डोक्यावरून, खांद्यांवरून, मांडीपर्यंत पांघरले. त्या संध्याकाळी हिरूला पांघरले होते तितक्याच सावकाश. शिपाई बघत राहिला. तोही कोणत्यातरी गावचाच होता. जिवंत माणसावर ते कापड पडलेले पाहून त्याचा हात पुढे आला नाही.

"हिरूचा बाप मी," गोमा म्हणाला. "तुमचं लुगडं आमी माघारी धाडलं न्हाई. ह्ये तुमी बी धाडू नका."

महाराजाने कापड झटकायला हात उचलले. बेडीची कडी मांजरपाटात अडकली. जितके ओढावे तितके ते अंगाभोवती गुंडाळत गेले. त्या स्वराच्या धन्याच्या गळ्यातून एक ध्वनी निघाला. त्याला सूर नव्हता.

गोमा खाली उतरला. मग वळून, कोर्टात अर्धे राहिलेले वाक्य पुरे करावे तसा, सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला.

"कापड घेतलं मंजी मिटलं, आसं न्हाई. त्या दिशी बी न्हवतं. हिरू मेली न्हाई, ह्येनं मारली. ध्येनात ठेवा."

मागची इंजिने सुटल्याचा आवाज आला. गाडी हलली. खिडकीत एक पांढरा आकार धडपडत होता. मळवलीच्या बाजूला दिसेनासा होईपर्यंत तो पांढराच होता. गोमाने घोंगडी सारखी केली. जरा टेक, घरी चल, असे मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, "नगं शास्त्रीबाबा, खळं उघडं पडलंय."

त्याला आता बरीच वर्षे झाली. गोमा गेला, त्याला घातलेल्या कापडांत एक माझे होते. तो दुसराही शिक्षा भोगून सुटला आणि पुढे कोठेतरी वारला. आणि लोकांचे प्रेम हळूहळू पूर्वीच्या जागी येऊन बसले. हॉटेलात त्याच्या तबकड्या पुन्हा लागतात. बिचाऱ्याला दारूने घालवले, असे म्हणून लोक हळहळतात. भिकूशेठच्या मुलाने ती तसबीर माळ्यावरून काढून पुसून लावली आहे. गेल्या एकादशीला आमच्या देवळात नव्या मंडळींनी भजनाला त्याचीच चाल घेतली. चाल गोड आहे. मी खांबाशी बसलो होतो. दारावरून पेंढ्याची गाडी जात होती.

त्या मुलांना क्षमेवर काही सांगणे माझ्या वयाला शोभले असते. मी उठलो आणि टाळकऱ्याच्या हातावर हात ठेवला. भजन थांबले. काका, काही चुकले का, असे त्याने अदबीने विचारले.

मी म्हणालो, "हिरू."

मुलांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांच्यातला एक म्हणाला, "हिरू कोण?"

"बसा," मी म्हणालो, "सांगतो."